उघडं छप्पर

गॅरेजच्या अंगणातल्या त्या जुन्या गाडीचं कापडी छप्पर मिस्त्रींनी मागे दुमडलं आणि ते तिथेच अडकून बसलं.

"छपराची मोटर गेलीय. कापड कुजलंय. पार्ट बाहेरून मागवावे लागतील," ते म्हणाले. "गाडी स्वस्तात मिळेल साहेब, पण दुरुस्ती तुम्हाला खाऊन टाकेल."

मी मान डोलावली. हे सगळं मला घरून निघतानाच ठाऊक होतं, म्हणून तर बायकोला सोबत आणलं होतं. काही मोहांपुढे आपलं शहाणपण टिकत नाही. मग सल्ल्याच्या नावाखाली आपण एक खमकं माणूस बरोबर नेतो, आपल्याला अडवायला. दोन रुपयांनी स्वस्त मेथीच्या जुडीसाठी बाजार पालथा घालणारी ही माझी शेवटची आशा होती.

"बघू तरी," म्हणत ती पुढच्या सीटवर बसली. वरच्या कडुनिंबाची दोन-चार पिवळी पानं तिच्या मांडीवर पडली. तिने ती झटकली नाहीत. डोकं मागे टेकवून ती वर बघत राहिली.

"अगं, छप्पर बंदच होत नाहीये," मी जवळजवळ विनवलं.

"मग राहू दे ना उघडं."

मी आशेने मिस्त्रींकडे पाहिलं. तेही वर, कडुनिंबातून दिसणाऱ्या आभाळाकडे बघत होते.