फुकटचा बर्फ

लसीच्या कोठारावरच्या बाईंना सगळे 'बर्फवाल्या मावशी' म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी एकाच खोलीत, एका म्हाताऱ्या फ्रीजरच्या सोबतीनं काढली होती. दिवसातून दोनदा त्याचं तापमान वहीत लिहायचं, हा त्यांचा नेम. लेकीच्या लग्नादिवशीही सकाळी येऊन आकडा टिपून गेल्या होत्या.

यंदा गोवर पसरला आणि मोहीम ठरली. दहा दिवस, वीस पथकं. नव्या डॉक्टरसाहेबांनी खर्चाचा तक्ता केला. लस, सुया, कापूस, गाड्यांचं डिझेल, अगदी पथकांचा चहासुद्धा त्यात होता. मावशींनी तो दोनदा वाचला.

"साहेब, यात बर्फ कुठंय?"

"बर्फाला काय पैसे पडतात मावशी? नळाचं तर पाणी!"

"पाणी फुकट हो, पण गोठायला वेळ लागतो ना. लस गार ठेवायच्या एका पेटीला चार आइसपॅक, म्हणजे वीस पथकांना रोज ऐंशी. आपला म्हातारा चोवीस तासांत अठ्ठेचाळीस गोठवतो. तेही लहर लागली तर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग बाराच पथकं करू. सतरा दिवस लागतील, लागू देत."

मावशींनी गावांची यादी पुढं ओढली. यादीतलं शेवटचं गाव लेकीचं सासर होतं. तिथं दहा महिन्यांचा नातू, आणि शेजारच्याच घरात गोवर निघालेला. गाव वर घ्या म्हटलं असतं तर साहेब नाही म्हणाले नसते. पण मग दुसरं कुणाचं तरी पोर खाली सरकणार, हे जन्मभर याद्या करणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

त्या उठल्या आणि समोरच्या आइसक्रीमवाल्याकडे गेल्या.

"दहा दिवस तुझा मोठा फ्रीजर भाड्यानं दे."

"ऐन उन्हाळ्यात? पोटावर पाय देता का मावशी!"

"गोवर आलेली पोरं आइसक्रीम खातात का रे?"

त्यानं डोकं खाजवलं. "भाडं आधी. आणि रोख."

साहेब म्हणाले, "हे तक्त्यात कुठं बसवू?"

"चहा काढा."

"पथकं शिव्या घालतील."

"मला घालतील. सवय आहे."

दहा दिवस पथकं घरून थर्मास भरून नेत होती आणि मावशींच्या नावानं बोटं मोडत होती. दहाव्या दिवशी, दुपार उलटता उलटता लेकीचा फोन आला.

"आई, टोचलं गं. रडून घर डोक्यावर घेतलं त्यानं."

"घेऊ दे. पेटीत बर्फ होता का?"

"मी पोराला धरू की पेटीत डोकावू? पण नर्सबाईंचा हात गार लागला बघ त्याला. सुईच्या आधीच भोकाड पसरलं."

"बरं," म्हणत मावशींनी फोन ठेवला आणि वही उघडली. दुपारचा आकडा लिहायचा राहिला होता.