रंधाभाऊ आणि डोळ्यांखालचं काळं

हां, तर शिवणवाल्या बाईंनी तो फोटो काउंटरवर पालथा टाकला आणि म्हणाल्या, "रंधाभाऊ, ही मी नव्हे. ही माझी झोपणारी बहीण असेल!"

रंधाभाऊ म्हणजे आपले फोटोवाले. सुतार लाकडावर रंधा मारतो तसे हे चेहऱ्यावर मारायचे, म्हणून हे नाव. सुरकुती राहायची नाही, पुळी राहायची नाही. एकदा एका गृहस्थांच्या नाकावरची चामखीळच उडवली. दुसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन परत. "घरची विचारते, हे कोण पाहुणे?"

अशा माणसाने झोप न येणाऱ्यांचे फोटो काढून दुकानाच्या काचेत लावायचं मनावर घ्यावं, हे नवलच. पण घेतलं. स्टुडिओतला पडदा नको, पावडर नको. ज्याच्या त्याच्या घरी जायचं, तेही भर दुपारी, आणि माणूस ज्या बाजूला तळमळतो तिथेच खाटेच्या कडेवर बसवायचं. "रात्री काय, सगळेच दमलेले दिसतात," ते म्हणायचे. "दुपारी कळतं, कोण जागलंय."

पाववाला बसला. हा रात्रभर उशीखाली रेडिओ पुटपुटत ठेवायचा. निवृत्त मास्तर बसले. ते जुन्या विद्यार्थ्यांची हजेरी घेत पहाट करायचे. शिवणवाल्या बाईही बसल्या. त्या नवऱ्याची झोपमोड नको म्हणून ओंडक्यासारख्या निपचित पडून राहायच्या, आणि तिथेच फसल्या. नवरा कुलपं दुरुस्त करणारा. जगाची कुलपं उघडायचा, पण पाठ टेकली की स्वतःचे डोळे काही उघडायचे नाहीत. म्हणायचा, "मी निजतो तेव्हा ही निजलेली, उठतो तेव्हाही निजलेली. झोप नाही म्हणे! नाटकं नुसती."

मध्यंतरी मशीन चालवता चालवता बाईंची पापणी मिटली आणि सुई बोटातून आरपार गेली. तरी डॉक्टरचं नाव काढलं की हा हसायचा. फोटो बघून तरी नेईल, एवढीच बाईंची आशा.

आणि रंधाभाऊंनी काय करावं? जित्याची खोड! संगणकावर फोटो उघडला, मन कुठे होतं कोण जाणे, हात आपला चालत राहिला. डोळ्यांखालचं काळं साफ. बाईंनी तो घरी नेला तर नवरा म्हणाला, "बघ, चेहऱ्यावर काय तजेला आहे!"

म्हणून तो फोटो पालथा पडला होता. रंधाभाऊ खजील झाले. मूळ फोटो जसाच्या तसा छापून त्यांनी बाईंच्या हातात दिला, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो घेऊन कुलूपवाला दुकानात हजर.

"ज्याला काळं पुसता येतं, त्याला ते रंगवताही येतं. ती सांगते आणि तुम्ही खुशाल तिच्या तोंडाला काळं फासून देता?"

"नाही हो, हाच खरा."

"तुमचा एक तरी फोटो कधी खरा होता का, रंधाभाऊ?"

काउंटरमागे पाकिटं चिकटवणाऱ्या त्यांच्या बायकोलाही हसू फुटलं. रंधाभाऊंना मात्र घाम फुटला. उभा जन्म लोकांना गोरंगोमटं करण्यात घातला, आणि आता खरं दाखवायची वेळ आली तर पत नाही. इकडे बाई त्याच मशीनवर बसणार, तीच सुई खालीवर होणार.

रंधाभाऊंचा चष्मा गडद काचेचा. स्क्रीनचा त्रास होतो, असं सांगायचे. घरी तो दिवा मालवल्यावरच उतरायचा आणि पहाटे बायको उठायच्या आत पुन्हा नाकावर चढलेला असायचा. नवरा किती कामसू, म्हणून तिला केवढं कौतुक!

तो चष्मा त्यांनी काढून काउंटरवर ठेवला. डोळ्यांखाली जांभळ्या, सुजलेल्या पिशव्या लोंबत होत्या. बायकोच्या हातातलं पाकीट तसंच उघडं राहिलं.

कुलूपवाला पुढे वाकला. चोख माणूस, ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही. त्याने अंगठा रंधाभाऊंच्या डोळ्याखाली घासला आणि उजेडात धरून पाहिला. अंगठ्याला काही लागलं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

रंधाभाऊ त्याला म्हणाले, पण बघत होते बायकोकडे, "धाकटा भाऊ गेला तेव्हापासून. हिला वाटतं मी लवकर उठतो. अहो, उठायला आधी झोपावं लागतं! उद्या मी डॉक्टरकडे जातो, तुम्ही बाईंना घेऊन या. एकट्याने जायची मला भीती वाटते."