सोनीआय रडायची आणि मी शिकवायचो

माझा जुना विद्यार्थी लाडक्या जव्हारला माझ्या घरासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मी ओट्यावर दाढी करत होतो. तो साखरशेतहून चालत आला होता. हात बाजूला, मान ताठ… पाढा म्हणावा तसं त्याने सांगितलं, "मास्तर, आय मेली. परवा." डोळे कोरडे. मी मात्र अर्ध्या गालावर साबण ठेवून भोकाड पसरलं. शेजारचे कारकून कुंपणाशी येऊन म्हणाले, "मास्तर, आवरा. या वयाला शोभत नाही." नसेल शोभत. गेली वीस वर्षं मला रडू येईल तिथे मी रडतो आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करत नाही. हे मला लाडक्याच्या आईने, सोनीआयने शिकवलं.

संस्थानच्या शाळेवर नेमणूक होऊन मी साखरशेतला गेलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे शेजारच्या झोपडीतून बाईचा हेल काढून रडण्याचा आवाज आला. कोणीतरी गेलं, हे उघड होतं. मी शाळा बंद केली, 'गावात मृत्यू झाल्याने' असा कागद जव्हारला रवाना केला आणि खांद्यावर पंचा टाकून अंत्ययात्रेला हजर झालो. सोनीआय जात्यावर नागली दळत होती. नवरा तीन पावसाळ्यांपूर्वी गेला होता. दळायला बसली की ती त्याची एकेक गोष्ट काढून रडायची. पीठ भरलं की डोळे पुसून भाकरी थापायची. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं, फक्त नव्या मास्तराला नव्हतं. पुढे वरून विचारणा आली, मयताचं नाव काय? उत्तर लिहिताना मला जो घाम फुटला, तो अजून वाळलेला नाही.

त्या फजितीचा राग मी पोरांवर काढला. शाळेत नियम केला, छडी खाऊन जो रडेल त्याला आणखी एक. शिकलेला माणूस रडत नाही, असं मी रोज सांगत असे. पहिल्या बाकावर लाडक्या बसायचा. महिन्याभरात तो रडायचा बंद झाला आणि मी त्याला शाबासकी दिली.

मग एक दिवस टपालाने पत्र आलं. माझी पत्नी माहेरी, वसईकडे, बाळंतपणात वारली होती. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि भागाकार शिकवला. दीड महिना मी असाच शिकवत होतो. झोप नाही, अन्न घशाखाली उतरत नाही, पण चेहरा कसा, तर साहेबाच्या तसबिरीसारखा. आपल्या धीराचं मला भारी कौतुक वाटत होतं.

सोनीआय एकदा दारात येऊन म्हणाली, "मास्तर, तुला कुबट वास येतो."

मी कोटाची बाही हुंगली. ती म्हणाली, "कोटाला नाय. वला दाना कोंडून ठेवला का येतो ना, तसा." आणि मला हाताला धरून जात्यापाशी नेलं. समोर बसवून खुंटा धरायला लावला आणि विचारलं, बायको काय करायची ते सांग. मी म्हटलं, सुगरण होती, सोशिक होती. ते तिला पटेना. मग मी म्हणालो, "भाकरी थापायच्या आधी बांगड्या कोपरापर्यंत सारायची…" पुढचं वाक्य आजपर्यंत पूर्ण झालेलं नाही. त्या सकाळी नागली कमी दळली गेली, पण मी दीड भाकरी खाल्ली आणि दुपारी शाळेतच घोरलो. शूरपणाने दीड महिन्यात जे जमलं नव्हतं ते असं झालं.

मी सुटलो, पण वर्गातला नियम मागे घ्यायला विसरलो. खरं सांगू? विसरलो नाही. लाज वाटली.

सोनीआयच्या बाराव्याला मी साखरशेतला गेलो. बाया गळ्यात गळे घालून रडत होत्या. लाडक्या पाहुण्यांना पाणी देत फिरत होता, तसाच ताठ. त्याला अंगणाच्या कडेला गाठून मी म्हणालो, "लाडक्या, मी शिकवलेलं ते चूक होतं. रड."

त्याने पाण्याचा तांब्या दुसऱ्या हातात घेतला. म्हणाला, "आता सांगतोस, मास्तर? माझा पोर गेला, तवापन मी रडलो नाय. बायको बोलली, तू दगड हायेस."

मला हे माहीत नव्हतं. शाबासकी आठवली आणि मीच खाली बसलो. सगळ्या गावासमोर, पागोटं सरकेपर्यंत रडलो. कोणी म्हणालं, मास्तराला गप्प करा. मी म्हटलं, हात लावून बघा. थोड्या वेळाने लाडक्याने हातातला तांब्या खाली ठेवला आणि माझ्या शेजारी बसला… त्याने आधी पोराचं नाव घेऊन हेल काढला. आईचं नाव बऱ्याच वेळाने आलं.