डावी बाजू

शाळेत त्यांना सगळे क्षसर म्हणत. एका चलाची समीकरणं शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "सात पलीकडे गेला की वजा होतो," असं कुणी घोकलं की ते वैतागत. "सातला काय पाय फुटतात? दोन्ही बाजूंतून सात वजा कर, मग बोल."

मेंदूतल्या रक्तस्रावानंतर हातपाय सावरले, बोलणं सुधारलं. डावी बाजू मात्र त्यांच्यापुरती जगातून गेली. डोळे धड होते, लक्षच तिकडे जात नव्हतं. ताटातलं डावीकडचं तसंच राही आणि ते आणखी वाढायला सांगत. बायको मुकाट्याने ताट फिरवून ठेवी.

मुख्याध्यापिकाबाईंनी एक तास घेऊन दाखवायला सांगितलं. जमलं तर वर्ग परत, नाहीतर कायमचं घर.

बायकोने तयारी करून घेतली. पाटीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ती सापडल्याशिवाय वाचायचं नाही. पहिल्या दिवशी तिने ४क्ष + ७ = २७ लिहिलं, तर त्यांना सत्तावीसच दिसले.

"यात सोडवायचं काय? उत्तर तर तूच लिहिलंस."

"अहो, एवढी हुशार असते तर तुमच्याशी लग्न केलं असतं का?"

ते हसले, आणि मान वळवत वळवत पट्टीपर्यंत पोचले.

तासाच्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर पट्टी तिनेच लावली आणि मागे बाईंशेजारी जाऊन बसली. सरांनी पट्टी शोधली, तेच समीकरण लिहिलं, दोन्ही बाजूंतून सात वजा केले, चारने भागलं. क्ष बरोबर पाच. खडू कुठे अडला नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

मग ते वर्गाकडे वळले. त्यांच्या डाव्या हाताला, खिडकीकडच्या बाकावरून एक मुलगी उठली. "सर, आधी चारने भागलं तर चालेल?"

सर उजवीकडचीच बाकं धुंडाळत राहिले. "कोण बोललं? उभी राहा."

ती उभीच होती.

"आणि आज अर्धा वर्ग गैरहजर कसा?"

कुणी हसलं नाही. बाई खाली बघू लागल्या.

घरी जाताना ते खुशीत होते. "जमलं ना गं? बाई काय म्हणाल्या?"

"गणित जमलं," ती म्हणाली. "मुली सगळ्या आल्या होत्या. तुमच्या डावीकडे बसल्या होत्या."

ते रस्त्यातच थांबले. बाई काय म्हणाल्या, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"त्या पोरीला उत्तर कुणी दिलं?"

"कुणीच नाही."

"चालतं म्हणून कळव तिला," ते म्हणाले. "फक्त सातलाही चारने भागायचं. तिथे विसरतात."