म्हशीसाठीचा साबण

नातीच्या हातांना उन्हाळ्यापासून खाज सुटली आहे. डॉक्टरने वासाचे सगळे साबण बंद केले, तेव्हा तिने घरीच ओट्सचा साबण करायला घेतला. ओट्स मिक्सरमधून फिरवले, खोबरेल मोजलं, कॉस्टिक सोड्याचं पाणी केलं. मी बाजूला बसून टोमणे मारायचं काम घेतलं. या वयात तेवढंच एक बिनचूक जमतं.

पहिला घाणा फसला. वर तेल तरंगत राहिलं.

"आजी, तुझी आई साबण करायची ना? तिचं माप सांग ना. हसून काऊन राहिली?"

हसत होते ते स्वतःलाच. माप मला ठाऊक नाही. का नाही, ते सांगायची आजवर लाज वाटली.

माझी माय कामठ्याकडची. मोहाच्या बिया, म्हणजे टोरी, वेचायची आणि त्यांचं तेल काढून आणायची. त्यात कॉस्टिकचं पाणी आणि शेवटी मूठभर धानाचा बारीक कोंडा. घट्ट झालं की दोऱ्याने कापायची. वड्या तपकिरी, वेड्यावाकड्या. महिनाभर वाळल्या की प्रत्येक वडीला जिभेचं टोक लावून बघायची. "जिभेले चिमटा बसला का वडी कच्ची," म्हणायची. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, चिखलात हातपाय खाजून लाल व्हायचे, ते या साबणानेच शांत व्हायचे.

लग्न होऊन मी तिरोड्याला आले तेव्हा मोठी शहाणी होते. अक्कल सोडून सगळं होतं माझ्याकडे: दोन नायलॉनच्या साड्या, गुलाबी वासाचा साबण आणि सासरच्या कापडदुकानाचा तोरा. पहिल्या दिवाळीआधी माय आली, पळसाच्या पानांत सहा वड्या बांधून. नणंदेने पुडकं सोडलं आणि नाक मुरडलं.

"हे का होय वो वहिनी?"

मी मायकडे न बघता म्हटलं, "म्हशीसाठी आणलं. म्हैस धुवाले."

माय दारातच होती. चप्पलसुद्धा काढली नव्हती तिने. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हो ना. कोंडा हाये त्याच्यात. कातडी नरम राह्यते तिची."

सासू खूश. "विहीणबाई, तुमी तं आमच्या म्हशीची बी काळजी करता!"

आणि ती म्हैस अशी चकाकायला लागली की बाजाराला जाणारे लोक थांबून बघायचे. इकडे मी, राणीसाहेब, गुलाबी फेसात हात बुडवून दिवसभर बोटं खाजवत बसायचे. वड्या मोरीच्या कोनाड्यात होत्या, हात लांबवला की हाताशी. पण म्हशीच्या साबणाला राणीसाहेब कशा शिवणार?

माय दरवर्षी सहा वड्या आणत राहिली. पुढे म्हैस विकली. रिकामा गोठा दारातूनच दिसायचा. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यानंतरही दोन वर्षं तिने वड्या आणल्या, कोनाड्यात नेऊन ठेवल्या, चहा प्यायली आणि गेली. मग तीच राहिली नाही. वड्या मी भांडीवालीला देऊन टाकल्या. तिने पुन्हा मागितल्या होत्या. मी म्हटलं, संपल्या.

हे सगळं नातीला सांगितलं आणि म्हटलं, "माप पाहिजे असेल तर त्या म्हशीला विचार."

ती खो खो हसली. दुसरा घाणा तिने मोबाईलमध्ये बघून, काट्यावर तोलून केला. महिन्याने एक वडी माझ्यापुढे धरली. मी जिभेचं टोक लावलं. चिमटा बसला नाही.

"झाली. धू हात."

ती वडी घेऊन तिथेच उभी राहिली.

"तुझी आई सगळ्याच वड्यांना अशी जीभ लावायची?"

"एकूण एक. माहेरी गेले की दिसायचं ना मला. तिरोड्याला आणायच्या सहा तर दोनदोनदा बघायची."

"आजी, म्हशीच्या साबणाले कोण जीभ लावून पाहते?"

ती मोरीत गेली, नळ सुरू झाला. माझ्या जिभेवर वडीची कडू चव तशीच होती. पाण्याचा तांब्या शेजारी होता. मी तो उचलला नाही.