सौरचूल घेऊन मुलुंड ते मढ

त्या रविवारी सकाळी आंघोळ करून मी नेहमीप्रमाणे सूर्याला अर्घ्य दिलं आणि मनातल्या मनात सांगितलं, "आज दुपारचा वरणभात तुमच्याकडे." एरवी मी देवाला असं कामाला लावत नाही. पण घरात पैज लागली होती.

त्याचं असं झालं. कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर आमचा गॅसजोडणीचा नंबर लागला, आणि नेमका त्याच आठवड्यात मी सरकारी सवलतीत सौरचूल घेऊन आलो. सौरचूल म्हणजे सुटकेसएवढी पेटी. आत काळे डबे, वर काच, झाकणाला आरसा. माझं म्हणणं, तेल परदेशातून येतं आणि महागच होत जातं. ऊन आपलं आहे. तेव्हा गॅसचा नंबर सोडून देऊ. माझी बायको सुमती म्हणाली, "स्टोव्हला पंप मारून माझा खांदा गेलाय. एक जेवण उन्हावर शिजवून दाखवा. शिजलं तर नको गॅस. नाही शिजलं तर सोमवारी पैसे भरा."

आमच्या मुलुंडच्या गॅलरीत ऊन येतं न येतं तोच जातं. म्हणून ऊन शोधायला समुद्रावर जायचं ठरलं. पंच म्हणून सुमतीचा धाकटा भाऊ दिनू, विक्रोळीच्या एका कारखान्यातला फिटर, सोबत आला.

मुलुंडहून पवईमार्गे अंधेरीला बस जाते. सकाळी लवकर निघालात तर बसायला जागा मिळते. आमच्या पेटीलाही मिळाली.

"हे काय आहे?" कंडक्टरने विचारलं.

"चूल," मी म्हणालो.

"चूल बसमध्ये चालत नाय."

"पेटत नाही हो ती."

"मग चूल कसली?"

सुमती खिडकीबाहेर बघत हसली. कंडक्टरने पेटीचं तिकीट फाडलंच.

दिनूला वाटेत एक शंका आली. "भावोजी, घासलेट स्वस्त मिळावं म्हणून सरकार पैसे घालतं. गॅसला घालतं. आता तुमच्या पेटीलाही घातले. त्यापेक्षा सरळ जेवणाचा डबाच का नाय पाठवत?" मी पेटीच्या तिकिटाची घडी करून खिशात ठेवली.

अंधेरीहून रिक्षाने वेसावे आणि तिथून होडीने मढ. होडीला फार पैसे पडत नाहीत, पण ओहोटी असली तर चिखलातून चालावं लागतं, तेव्हा चपला हातात घ्याव्या. होडीत मी डबे ठीक आहेत का बघायला झाकण उघडलं आणि आरशाची तिरीप थेट नावाड्याच्या डोळ्यांत गेली.

"ओ काका, झाका ते! बुडवताय का सगळ्यांना?"

किनाऱ्यावर पोचल्यावर पेटी मांडली, डाळ-तांदूळ आणि पाणी घातलं आणि आरसा सूर्याकडे केला. तेव्हा लक्षात आलं, समुद्र पश्चिमेला आणि सकाळचा सूर्य जमिनीच्या बाजूला. म्हणजे इतक्या लांब येऊन समुद्र माझ्या पाठीमागे. बरं, पेटी मांडून फिरायला जावं म्हटलं तर सूर्य सरकतो. पेटी फिरवली नाही की सावली डब्यांवर येते. मढचा किनारा सुंदर आहे असं सुमती आणि दिनू सांगतात. मी पाहिली ती वाळू, आरसा आणि कावळे.

शेजारी बांबूंवर बोंबील वाळत घालणारी एक कोळीण बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"काय रं दादा, आरशान तोंड बगतंस?"

"उन्हावर भात शिजवतोय, मावशी. सरकार सवलत देतं."

"मंग माज्या बोंबलांना का नाय देत? ते पण उन्हावरच हायेत!"

सुमती नारळाच्या सावलीत पाय पसरून बसली होती. जेवणाची वेळ जवळ आलेली असताना ती निवांत बसलीय, हे दृश्य मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

ऊन डोक्यावर येऊन कललं तेव्हा काच काढली. भात मोकळा, डाळ मऊ. मी हात जोडले. दिनूने बोटाने चव घेतली आणि निकाल दिला, "भावोजी जिंकले! ताई, गॅस गेला."

सुमतीने दोनदा भात घेतला. मग शांतपणे विचारलं, "चांगला झालाय. पण तुम्ही ऑफिसात गेल्यावर हिला सूर्यामागे फिरवणार कोण?"

"तू घरीच असतेस ना," मी म्हणालो.

लोणच्याकडे गेलेला दिनूचा हात थांबला.

सुमती म्हणाली, "जरा तोंड बघा स्वतःचं. आरसा समोरच आहे."

पाहिलं. नाक बिटासारखं, ओठ सुकलेले, डोळे बारीक. एका जेवणात ही दशा. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की सूर्य कोणाकडून काही घेत नाही. खरं आहे. पण त्याच्यामागे फिरायला एक माणूस लागतं, आणि स्वस्त काय, महाग काय या माझ्या सगळ्या हिशेबात ते मी धरलंच नव्हतं. धरलं नव्हतं, कारण ते माणूस मी नसणार हे आधीच ठरवून टाकलं होतं.

परतीच्या बसमध्ये पेटी मी मांडीवर घेतली. दिनू झोपला.

तुम्ही कोणी सौरचूल घेणार असाल तर जरूर घ्या. भात खरंच छान होतो. टोपी मात्र विसरू नका. आमच्याकडे आता रविवारचा वरणभात उन्हावर होतो आणि तो मी करतो. पण पैज जिंकूनही सोमवारी मी अर्धी रजा टाकली, गॅसच्या कचेरीत रांग लावली, पैसे भरले आणि नंबर सुमतीच्या नावावर करून घरी आलो.