इंजिनकाकांचा प्रश्न

इंजिनकाकांच्या डाव्या हाताला कान लावला की आत घरघर ऐकू यायची, लांबून बंदराकडे येणाऱ्या मचव्यासारखी. एसटीत शेजारी कोणीही बसो, गाव विचारून झालं की ते बाही वर करत आणि म्हणत, "ऐक." बाईमाणूस असेल तर नुसती बोटं ठेवायला सांगत. काहीजण घाबरून जागा बदलायचे. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या मनगटाजवळ दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या, त्यांचा तो आवाज. त्यात काकांचं आयुष्य मासेमारीच्या मचव्यावर इंजिन चालवण्यात गेलेलं. नाव पडायला वेळ लागला नाही.

आमचं गाव उरणच्या बाजूचं आणि आम्ही एकाच आळीतले. सकाळच्या गाडीने मी पनवेलला कॉलेजला जायचे, काका तिथल्याच दवाखान्यात डायलिसिसला. गर्दीत ते तो हात छातीशी धरत, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. पाणीही त्यांना बेतानेच प्यावं लागे. उन्हाळ्यात माझ्या बाटलीकडे बघून एकदा म्हणाले, "दर्यावर पन असाच होता. सगलीकडं पानी, नि प्यायला नाय."

स्वतःची चूक ते कोणालाही सांगत, लाज न बाळगता. त्यांना प्रेशर होतं, गोळ्याही मिळाल्या होत्या. पण त्या देव्हाऱ्याजवळ राहायच्या. दर्यावर डोकं शांत असतं, तिथे गोळी कशाला, असा त्यांचा हिशोब. जाळं ओढून कंबर धरली की मात्र दुखण्याची गोळी, ती कायम सोबत. "जी घ्यायची ती घरात, नि जी नाय घ्यायची ती खिशात," असं ते म्हणत आणि हसत. मग हसू थांबवून पुढचं वाक्य यायचं, "इंजिन तापलं तर वास येतो. किडनी तापली तर वास पन येत नाय."

लग्नाच्या पंगतीत मीठ वाढणारा आला की काका शेजाऱ्याच्या पानावर हात आडवा धरत. सुकट भिजवून ते खारट पाणी फेकलं का, हे यजमानीणबाईंना भर पंगतीत विचारत. "मिठागराच्या गावात ऱ्हाऊन मिठाला शिव्या देतो," असं लोक म्हणायचे. काही घरी त्यांना बोलावणं बंदही झालं. याचं त्यांना वाईट वाटायचं, पण पुढच्या पंगतीत हात पुन्हा आडवा.

माझे पप्पा बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतात. गेल्या वर्षी त्यांच्या पायांवर सूज दिसली. रिपोर्ट आला तो सगळ्यांनी माझ्या हातात दिला, कारण घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. मी इंग्रजी अक्षरं वाचली. त्यांचा अर्थ मला कळत नव्हता आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की प्रेशरमुळे किडनीवर परिणाम व्हायला लागलाय, गोळी चुकवू नका. पप्पा शपथेवर सांगत होते, रोज घेतो. मग प्रेशर उतरत का नाही, या विचाराने माझं अभ्यासात लक्ष लागेना. एसटीत मी काकांना सगळं सांगितलं.

रविवारी काका घरी आले. पप्पा टीव्ही बघत होते. काकांनी चहा नको म्हटलं आणि विचारलं, "कंच्या दिवशी नाय घेत?"

"रोज घेतो ना, दादा."

"ते डॉक्टरला सांग. कंच्या दिवशी नाय घेत?"

पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग टीव्हीकडेच बघत म्हणाले, "गेटवर लाईन असंल त्या दिवशी. गोली घेतली की लघवीला लागते. पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर. उतरू कुठं?"

"नि लाईन कवा नसते?"

आई उसळली, "मना एवढे दिवस खोटं सांगितलंस?"

काकांनी हात वर केला. "बाय, त्याला बोलू नको. खरा बोललाय तो. आता ओरडलीस तर पुन्ना खोटं बोलंल."

मग बाही वर झाली. पप्पांनी कान लावला आणि चटकन मागे घेतला. काका म्हणाले, "हा आवाज माझ्या घरात आला. तुझ्या घरात नको." गोळी कधी घ्यायची हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. "ते डॉक्टरचं काम. पन लाईनची गोष्ट तूच सांग त्यांना. त्यांना ती कशी कलनार?"

पप्पांनी सांगितली. डॉक्टरांनी लघवीला कमी लागेल अशी गोळी बदलून दिली, वेळही ठरवून दिली, आणि दुखण्याच्या गोळ्यांना सक्त मनाई केली. सूज ओसरली. पण रिपोर्ट पूर्वीसारखा होणार नाही, आहे तिथे थांबला तरी पुष्कळ, असंही ते म्हणाले. काकांना मी म्हटलं होतं, मला यातलं काहीच कळत नाही, मी काय करू? ते म्हणाले, "तू डॉक्टर नाय, बाय. तू निस्तं विचार. नि खरं सांगितलं तर ओरडू नको."

काका या पावसाळ्यात गेले. दोनदा गाडीला दिसले नाहीत, तेव्हा वाटलं पावसामुळे असेल. मग दवाखान्यातून काकूंचा निरोप आला. आता गाडीतल्या त्यांच्या खिडकीपाशी कोणीही बसतं. कधी मीच बसते.

तिथूनच मी पप्पांना फोन लावते. आजही लावला. मागे हॉर्न वाजत होते, म्हणजे लाईनच होती.

"पप्पा, कंच्या दिवशी नाय घेतली?"

ट्रेलरची काच वर केल्याचा आवाज आला, हॉर्न दबले. मग म्हणाले, "काल. खाली उतरायला जागाच नव्हती, पोरी."

माझ्या तोंडात खूप काही आलं. ते मी तसंच गिळलं.

"बरं. नि आजची?"

"हातात हाय."

"मग घ्या. मी फोन ठेवत नाय."

मी फोन कानाशी घट्ट धरला. बाटलीचं झाकण फिरलं. मग घोट ऐकू आला.